पहिलं बाळंतपण माहेरी

सकाळी साडेसातला लता साहूचा फोन आला. लता शाळेत खेळ शिकवते. सुधाकर रामटेकेच्या हाताखाली रग्बी शिकलेल्या पहिल्या मुलींपैकी ती एक. "अंकल, सर आज ग्राउंड पे नहीं आए," एवढं बोलून ती थांबली. रामटेके सकाळी सहाला मैदानावर नाही, याचा अर्थ समजायला मला वेळ लागला नाही, तरी मी विचारलं, "मग?" ती म्हणाली, "तो हम लोग घर आ गए... दरवाज़ा खुला था।" मी रायपूरच्या शंकर नगरातून त्याच्या बूढापाऱ्याला पोचलो तेव्हा त्याला आडवं केलेलं होतं. खुर्चीत बसल्या बसल्या गेला होता. एका पायात बूट होता, दुसऱ्या बुटाची नाडी त्यानं सैल करून ठेवली होती.

याला आता पाच आठवडे झाले. मधल्या काळात त्याची शोकसभा झाली. ज्या राज्य रग्बी संघटनेनं त्याला बरीच वर्षं दारात उभं केलं नव्हतं, तिनंच ती भरवली. हार आला, समई आली, समईला वाऱ्यापासून वाचवायला एक माणूस आला, आणि मागं मोठा फलक लागला, 'छत्तीसगढ़ के माटीपुत्र'. चार वक्ते बोलले. त्यातल्या दोघांना तो कबड्डीचा माणूस वाटत होता. मी शेवटच्या रांगेत बसून त्या 'माटीपुत्र' शब्दाकडे पाहत होतो. माती आणि पुत्र या दोन शब्दांनी या माणसाच्या घराचं काय केलं, ते सभागृहात मला आणि लताला सोडून कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून हे लिहितो आहे.

रामटेकेचे वडील भंडाऱ्याकडून रेल्वेत खलाशी म्हणून, म्हणजे मजुरीला, आले, तो रेल्वेतच कारकून झाला. मी सरकारी कचेरीत अनुवादक. इंग्रजी परिपत्रकं कुणालाच कळणार नाहीत अशा हिंदीत आणायचो. आमची ओळख वाचनालयात झाली, एकाच वर्तमानपत्रावर दोघांचा हात पडल्यामुळे. तेव्हापासून तो मला 'ओ ट्रान्सलेटर' म्हणायचा. खात्याच्या कामानं तो सहा महिने कलकत्त्याला होता, तिथल्या मैदानावर त्यानं रग्बी पाहिली आणि परत येताना बॅगेत लंबगोल चेंडू घेऊन आला. पुढची दहा वर्षं रायपूरच्या लोकांनी त्या चेंडूला पपई म्हटलं. त्याला फरक पडला नाही. पोरं जमवायची, पळवायची, चेंडू मागच्याच्या हातात देत देत समोरच्या शेवटच्या रेषेपर्यंत कसं पोचायचं ते शिकवायचं, आणि टॅकल करताना समोरच्याला कमरेखालीच धरायचं हे शंभरदा बजावायचं, एवढाच त्याचा धर्म. त्या पोरांत सगळ्यात वेगानं पळायचा त्याचा मुलगा, विकास.

मग छत्तीसगड वेगळं राज्य झालं. त्या वर्षी रायपुरात लाल दिव्याच्या गाड्या आणि खेळांच्या संघटना या दोनच गोष्टींचं पीक जोरात होतं. रग्बीचीही संघटना झाली. अध्यक्ष झाले एक ठेकेदार, ज्यांना सगळे भैयाजी म्हणत, सचिव रामटेके. उद्घाटनाला चेंडूला टिळा लावून शेजारी नारळ ठेवला, तेव्हा पंडितजींनी क्षणभर दोन्हींकडे आळीपाळीनं पाहिलेलं मी पाहिलं आहे. भैयाजींनी चेंडू हातात घेऊन दाबला आणि काळजीनं विचारलं, "इसमें हवा कम है क्या?" रामटेके गंभीरपणे म्हणाला, "नहीं भैयाजी, पूरी है।" त्यानंतर बराच काळ आम्ही दोघं भेटलो की एकमेकांना हवा पुरी असल्याचं सांगायचो.

नव्या राज्याचा पहिला संघ निवडायचा होता. रामटेकेला एकच धास्ती होती, की भैयाजी शेजारच्या राज्यातून तयार खेळाडू आणून उभे करतील आणि इथल्या पोरांना बाकावर बसवतील. तो संध्याकाळी माझ्याकडे आला आणि म्हणाला, "तू मले एक नियम लिहून दे. असा की कोणाच्या बापाले वाकवता नाही आला पाहिजे." मी सुचवलं की तीन वर्षं राज्यात राहिलेला तो आपला, असं लिहू. तो उसळला. "राहिल्याचा कागद कोणताही घरमालक देते, बाप्पा. चहा पाजला की देते. जन्माचा दाखला टाक. जन्म कोणी उसना आणत नाही." मी म्हटलं, "रामटेके, तुझा बाप उसनाच आला होता इथं." तो म्हणाला, "बाप आला. मी इथलाच." मी नियम लिहिला. माझ्या नोकरीत मी लिहिलेलं सगळ्यात स्वच्छ वाक्य तेच असावं: राज्याच्या सध्याच्या हद्दीत ज्याचा जन्म झाला, तोच खेळाडू पात्र. सभेत टाळ्या पडल्या. भैयाजींनी तर उभं राहून वाजवल्या.

नियमाचा पहिला बळी भिलाईचा तपन. बंगाली पोरगा, जन्म मामाच्या घरी, वर्धमानला. बाकी सगळं आयुष्य भिलाईत. त्याचे वडील कारखान्यातली पाळी संपवून थेट मैदानावर आले. हात जोडून म्हणाले, "सर, ये यहीं बड़ा हुआ है। बांग्ला भी ठीक से नहीं आता इसको।" रामटेकेनं त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि नियमाचा कागद दाखवला. "मेरे हाथ में होता तो..." असं तो म्हणाला. वडील म्हणाले, "लिखा तो आप ही ने है।" आणि पोराला स्कूटरवर मागं बसवून घेऊन गेले. रामटेके मला नंतर म्हणाला, त्या बापाच्या डोळ्यात पाहवलं नाही. तरी नियम बरोबर आहे, असंही म्हणाला.

आठ दिवसांनी सगळ्यांचे दाखले मागवले. मी त्याच्या घरी यादी टंकायला बसलो होतो. कुसुमवहिनींनी लोखंडी पेटीतून विकासचा दाखला काढला, पुसला आणि नवऱ्यापुढं ठेवला. रामटेकेनं तो वाचला. मग चष्मा काढून पुन्हा वाचला. जन्मस्थान, आमगाव. डोंगरगड ओलांडलं की गाडी महाराष्ट्रात शिरते, तिथून पुढं काही स्टेशनांवर वहिनींचं माहेर. आम्ही सगळ्यांनी शेकडो वेळा त्या गाडीनं प्रवास केला होता, आणि हद्द कुठं लागते ते कधी खिडकीतून पाहिलं नव्हतं. "हे काय?" तो म्हणाला. वहिनी दारात उभ्या होत्या. "काय म्हणजे? पहिलं बाळंतपण माहेरी असते, हे तुमाले माहीत नव्हतं काय? तुमीच तर पेढे घेऊन आले होते."

तो हसला नाही. त्यानं बाकीचे दाखले भराभर उलटले. संघात सहा मराठी पोरं होती. पाच जण घरातले थोरले, आणि पाचही जण आजोळी जन्मलेले: गोंदिया, तुमसर, भंडारा, नागपूर आणि हा आमगावचा. सहावा धाकटा होता. दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी कोण पाठवतं, तो इथंच जन्मला. म्हणजे माझ्या त्या स्वच्छ वाक्यानं एकेका घरात थोरल्याला परका आणि धाकट्याला भूमिपुत्र करून टाकलं होतं. हे इतकं हास्यास्पद होतं की मला खरोखर हसू आलं... रामटेकेकडे पाहिलं आणि ते विरलं. तो पाचही दाखले एकावर एक नीट लावत होता.

तो नियम बदलून घ्यायला भैयाजींकडे गेला. भैयाजींना एव्हाना तो नियम आवडू लागला होता, कारण पाच रिकाम्या जागा म्हणजे पाच ओळखीचे भाचे. "अब नियम-वियम मत छेड़िए रामटेके जी, ऊपर चला गया है," ते म्हणाले, आणि आवाज खाली आणून, "लड़के का काग़ज़ रायपुर का बनवा देते हैं न। नगर निगम में अपना आदमी है। दो दिन का काम।" रामटेके परत आला तो सरळ माझ्याकडे. मी म्हटलं, "बनवून घे. सगळं राज्यच कागदावर झालंय, त्यात एक पोरगा काय जड आहे?" तो उठून चपला घालू लागला. मग म्हणाला, "अन् तपनच्या बापाले काय सांगू?"

दुसऱ्या दिवशी त्यानं मैदानावर यादी वाचली. पंधरा नावं वाचून कागद घडी घालून खिशात ठेवला. विकास रांगेत उभा होता, वीस वर्षांचा. त्याला घरी काहीच सांगितलेलं नव्हतं, हे मला त्या क्षणी कळलं. विकास मराठी समजायचा, बोलायचा मात्र हिंदी. "बाबा, मेरा नाम?" सगळ्यांसमोर विचारलं त्यानं. रामटेके म्हणाला, "तू आमगावचा." पोरगा रांगेतून पुढं आला. "तो आमगाँव वालों के लिए खेलूँ? वहाँ मुझे कौन जानता है?" रामटेके खिशातला कागद चाचपत राहिला. "मैं कहाँ का हूँ फिर?" पोरानं बूट काढले, तिथंच ठेवले आणि अनवाणी चालत गेला. वहिनींनी त्या दिवशी नवऱ्याशी बोलणं सोडलं आणि ते किती दिवस सोडलं होतं ते मी विचारलं नाही. राज्याचा पहिला संघ शंभर टक्के इथल्या मातीतला होता, आणि पहिल्याच सामन्यात मातीत गेला.

विकासनं एसी दुरुस्तीचा कोर्स केला आणि दुबईला गेला. तिथं इंग्रज, लंकेचे, दक्षिण आफ्रिकेचे असे नोकरीवाले लोक संध्याकाळी रग्बी खेळतात. त्यांच्यातल्या एकानं याला एसी दुरुस्त करायला बोलावलं आणि नंतर मैदानावर नेलं. मधल्या काळात वहिनी गेल्या. विकास आला, तेरा दिवस राहिला, वडिलांशी कामापुरतं बोलला आणि परत गेला. आणि वर्षभरानं त्याचा फोन आला. तिथल्या आखाती संघासाठी त्याची निवड होत होती. रग्बीचा आंतरराष्ट्रीय नियम त्या काळी असा होता की आईबाप किंवा आजीआजोबा जिथले ते चालतात, आपला जन्म जिथला ते चालतं, आणि सलग तीन वर्षं जिथं राहिलात तेही चालतं. पासपोर्ट भारताचा, जर्सी आखाताची, कुणाची हरकत नाही. फक्त एक अट. एकदा एका देशाच्या मुख्य संघातून खेळलात की दुसऱ्या देशाचं दार बंद. ते मान्य आहे असं लिहून द्यायचं होतं. "बाबा, साइन करूँ?" त्यानं विचारलं. रामटेकेला ऐकायला कमी येऊ लागलं होतं, म्हणून त्याच्या मोबाइलचा स्पीकर कायम चालू असायचा. मी समोरच बसलो होतो. तो म्हणाला, "आठ दिवस थांब."

त्या आठ दिवसांत बूढापाऱ्यातल्या प्रत्येक दुकानदाराला मत फुटलं. शेजारचे शर्माजी, ज्यांनी आयुष्यात गल्ली ओलांडताना सोडून कधी पळून पाहिलं नव्हतं, ते मला अडवून म्हणाले, "देश के ख़िलाफ़ खेलेगा? शेखों के लिए?" मी म्हटलं, "देशानं अजून विचारलं नाहीये त्याला." पण हे पूर्ण खरं नव्हतं. भारतीय संघाचं शिबिर दोन महिन्यांवर होतं, आणि राज्य संघटनेचं शिफारसपत्र असेल तर विकासला चाचणीला बोलावतील असं रामटेकेला कलकत्त्याच्या जुन्या ओळखीतून कळलं होतं. शिफारसपत्र म्हणजे भैयाजी. आणि भैयाजी म्हणजे तोच नियम.

सहाव्या दिवशी त्यानं मला बरोबर घेतलं. भैयाजींच्या ओसरीत आम्ही दोन तास बसलो. मी या माणसाला इतक्या वर्षांत कुणाकडे काही मागताना पाहिलं नव्हतं. खुर्चीच्या कडेवर बसला होता, पूर्ण टेकला नाही. भैयाजी बाहेर आले, चहा सांगितला, आणि सगळं ऐकून म्हणाले, "लेटर तो अभी दे दूँ। पर वो तो बाहर का है न?" स्वतःच्याच विनोदावर हसले. "रायपुर का काग़ज़ ले आइए। अपना आदमी अभी भी वहीं बैठता है।" मी उठायला लागलो. रामटेके म्हणाला, "ठीक है।" मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. रिक्षात मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "काही बोलू नको. वीस वर्षांच्या पोराले मी भर मैदानात बेगाना केलं. आता एका कागदानं घरी येत असन, तर येऊ दे." "आणि तपनचा बाप?" मी विचारलं. विचारायला नको होतं. तो रस्त्याकडे पाहत म्हणाला, "त्याच्यासमोर मी मान खाली घालून राहीन. पोट्ट्यासमोर नाही राहवत."

कागद आला. जन्मस्थान, रायपूर. शिक्कासुद्धा जुनाट दिसेल असा मारला होता. त्या माणसाला काम येत होतं. शिफारसपत्रावर भैयाजींची सही झाली. आठव्या दिवशी रामटेकेनं स्वतः फोन लावला आणि घाईघाईनं सगळं सांगितलं, जणू मध्ये थांबला तर पुन्हा बोलता येणार नाही. "तू ये. भारताचं शिबिर आहे. सगळं झालं आहे, कागदबी झाला." पलीकडून कुठल्याशा यंत्राची घरघर ऐकू येत होती. मग विकास म्हणाला, "कौन सा काग़ज़, बाबा?" यानं सांगितलं. "आई तीन महीने पहले से मायके गई थी मेरे लिए। सुनाती थी न, ट्रेन में खड़े-खड़े गई थी। आपने काग़ज़ में लिखवा दिया कि गई ही नहीं।" रामटेके म्हणाला, "तसं नाही रे..." "उस दिन आप सही थे, बाबा। मुझे बहुत बुरा लगा था, पर सही थे। अब ग़लत मत हो जाओ मेरे लिए। मैं यहाँ साइन कर रहा हूँ। यहाँ तीन साल सच में रहा हूँ।" फोन बंद झाला. रामटेकेनं तो कागद आणि पत्र दोन्ही चार चार तुकडे करून चुलीत नाही, कचऱ्यात नाही, स्वतःच्या शर्टाच्या खिशात ठेवले, आणि तसाच बसून राहिला. दुसऱ्या दिवशी तो मैदानावर गेला नाही.

पुढच्या वर्षी आशियाई स्पर्धेच्या खालच्या गटात आखाताचा संघ आणि भारत समोरासमोर आले. सामना कुठंच दिसणार नव्हता. विकासचा एक मित्र तिथून फोनवर संदेश पाठवत होता, ते लता मोठ्यानं वाचत होती. दुपारची वेळ, रामटेकेच्या ओट्यावर आम्ही तिघं, आणि पाण्याची बादली भरायच्या निमित्तानं शर्माजी. मध्यंतराला आखात पुढं. मग भारत बरोबरीत. मग आखात दोन गुणांनी पुढं. शेवटची पाच मिनिटं उरली आणि संदेश थांबले. लता फोन हलवत होती. मी रामटेकेकडे पाहिलं. त्याला कोण जिंकायला हवं होतं, ते मला त्याच्या चेहऱ्यावरून आजही सांगता येणार नाही. तो दोन्ही हात गुडघ्यांत दाबून बसला होता. फोन वाजला. लतानं वाचलं, "इंडिया का लड़का लाइन तक पहुँच गया था... विकास ने गिरा दिया। मैच ख़तम।" शर्माजी बादली उचलत म्हणाले, "बधाई हो रामटेके जी। आपके शेख जीत गए।" रामटेकेनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. लताला म्हणाला, "पूछो, कमर के नीचे पकड़ा था क्या?" तिनं लिहिलं. उत्तर आलं, "हाँ सर। घुटने पे। एकदम साफ़।" तो उठला, आत गेला, आणि आतून नाक शिंकरल्याचा आवाज आला. नंतर बाहेर येऊन शर्माजींना शांतपणे म्हणाला, "नल बंद कीजिए, बालटी भर गई।"

संघटनेनं त्याला सचिवपदावरून काढलं. 'देशविरोधी पिता' असा शब्द कुणी तरी ठरावात घातला होता, तो व्याकरणासाठी माझ्याकडे आला आणि मी परत पाठवला. त्यानं मग संघटनेशिवायच पोरं-पोरी शिकवायला घेतली. या मैदानावर तो नव्या पोराला गाव विचारत नसे. एक साधी शंभर पानी वही होती. तीत नाव, आणि पुढं एकच रकाना: कधीपासून. ओडिशाचा, बिहारचा, बस्तरचा, पंडरीच्या कापडबाजारात हमाली करणाऱ्याचा, कुणाचाही पोरगा आला की तो विचारायचा, "कब से आ रहे हो?" आणि पोरगं गोंधळून म्हणायचं, "आज ही तो आया, सर।" "तो आज लिखो।" मी एकदा चिडवलं, की हा तर माझाच तीन वर्षांचा मसुदा तू एका दिवसावर आणलास. तो म्हणाला, "तू अर्धाच बरोबर होता, ट्रान्सलेटर. रोज येते तो आपला. बस्स." तपनला त्यानं शोधून काढलं होतं, असं मला लतानं आता सांगितलं. तो भिलाईतच भाजीचा ठेला लावतो. रामटेके दर काही दिवसांनी तिथं जायचा, कांदे घ्यायचा, काही बोलायचा नाही.

रामटेके गेल्याच्या दुसऱ्या दिवशी विकास पोचला, अंत्यसंस्कार होऊन गेल्यावर. बापलेक त्या सामन्याबद्दल एकमेकांशी कधीच बोलले नाहीत, हे त्यानं मला सांगितलं. दर रविवारी फोन व्हायचा, जेवण काय केलं एवढाच. शोकसभेला तो गेला नाही. सभेच्या आदल्या पहाटे मात्र मी त्याला मैदानावर घेऊन गेलो. आता त्याचेही केस कानांजवळ पांढरे झालेत. पोरं पळत होती. लता वही घेऊन कडेला उभी होती, आणि तिनं त्याला ओळखलं नाही असं होणं शक्यच नव्हतं. तरी ती त्याच्यासमोर आली, पान उघडलं, पेन काढलं आणि सरांच्याच आवाजात विचारलं, "कब से आ रहे हो?"

त्यानं मैदानाकडे पाहिलं. मग वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या, पुन्हा घट्ट बांधल्या. लता पेन धरून थांबली होती, आणि मागं पोरं पळायची थांबली होती.

"लिहा," तो मराठीत म्हणाला, "आजपासून."